बुडालेल्या राज्यांचे झेंडे

आंबागडच्या तुलाराम शिंप्याला दहा हातांपलीकडचं काही धड दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त त्याच्या बायकोला, रुखमाला, ठाऊक होती. सुईत दोरा तो एका दमात ओवायचा. काजं अशी करायचा की तुमसरच्या बड्या दुकानातल्या दर्ज्यांनी येऊन बघावीत. पण दुकानाच्या पायरीवरून रस्त्यापलीकडे पाहिलं की त्याला सगळं गाव पेजेत बुडवल्यासारखं दिसे. एकदा त्यानं धानाच्या शेतातल्या बुजगावण्याला दोनदा राम राम घातला आणि उत्तर मिळालं नाही म्हणून घरी येऊन "लोकं लय माजले बाप्पा" अशी तक्रार केली. रुखमानं त्याच दिवशी ओळखलं.

"अवो, तुमसरले जाऊन चश्मा काहून नाई लावून घेत?" ती म्हणाली.

"आन् गावात काय सांगू? दर्ज्याचे डोळे गेले म्हून? कपडा कोन देईन मंग मले?"

तर असा हा तुलाराम, आणि याच माणसावर गावानं शंकरपटाचा निकाल सांगायची जबाबदारी टाकलेली होती. आता यात गावाचाही दोष नाही. आंबागडच्या पटाची रीतच तशी होती. धान निघालं की तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, मोकळ्या रानात दोन चाकांच्या हलक्या छकड्यांना जुंपलेल्या बैलजोड्या धावायच्या, दोन-दोन करून. कोणती जोडी डावीकडून धावणार, कोणती उजवीकडून, हे सुरुवातीच्या टोकाला चिठ्ठी टाकून ठरे, आणि ती चिठ्ठी शेवटच्या टोकापासून दोन फर्लांग दूर राही. रेषा ओलांडली तरी बैल थांबत नसत. ते धुरळ्यात तसेच पाळीपर्यंत जात आणि तिथं दोन्ही छकडे असे काही एकमेकांत मिसळत की पुढचा कोण आणि मागचा कोण, हे शंकरालाच माहीत. म्हणून प्रत्येक छकड्यावर झेंडा. आणि ज्यानं झेंडे शिवले त्यानंच रेषेशी दगडावर उभं राहून जिंकणाऱ्याचं नाव पुकारायचं, कारण आपली शिलाई शिंपी ओळखणारच, अशी सगळ्यांची बालंबाल खात्री.

तुलारामचा बाप हे काम करायचा आणि त्याला पाळीवरच्या बगळ्याचे पाय दिसायचे. तुलारामला बगळा दिसत नव्हता. तो आपला अंदाजानं नाव पुकारायचा, आणि बरीच वर्षं नशिबानं साथ दिली.

सत्त्याहत्तर सालच्या पटात ती सुटली. शेवटच्या शर्यतीत एकीकडे दादाजींची जोडी, दुसरीकडे जागेश्वरची. दोघांचेही झेंडे भगवे, कारण तेव्हा सगळ्यांचेच भगवे असत. तुलारामच्या पुढ्यातून भगवं काहीतरी गेलं आणि लगेच आणखी भगवं काहीतरी गेलं. त्यानं डोळे मिटून ठणकावलं, "दादाजी!"

जागेश्वर छकड्यावरून उडी मारून आला. हा जागेश्वर म्हणजे तुलारामचा पहिलीपासूनचा जोडीदार. रोज सांजच्याला दुकानातल्या बाकड्यावर बसायचा, अर्धा कप चहा स्वतः प्यायचा, अर्धा तुलारामला द्यायचा. तो म्हणाला, "तुल्या, मी पुढं होतो बे! देवाशपथ सांग, तुले काय दिसलं?"

तुलाराम म्हणाला, "जे दिसलं ते सांगतलं."

त्यावर दोन्हीकडच्या पोरासोरांनी काठ्या काढल्या, तिघांची डोकी फुटली, आणि पट तीन वर्षं बंद पडला. जागेश्वरचं बोलणंही त्या दिवसापासून बंद पडलं. एवढंच नाही, तो शर्ट शिवायला तुमसरला जाऊ लागला. तिथल्या दर्ज्यानं त्याला असा शर्ट दिला की एक बाही मनगटावर आणि दुसरी बोटांवर. तसाच शर्ट घालून जागेश्वर दिवसातून चारदा दुकानासमोरून जायचा. लांबचं न दिसणाऱ्या तुलारामलाही ती बाही मात्र दिसायची, आणि त्याचा जीव तुटायचा. लोकांना वाटे तो शिलाई गेली म्हणून हळहळतो. त्याला शिलाईचं काही नव्हतं. तीन वर्षं तो पुरा कप एकट्यानं पीत होता आणि तो चहा त्याला गोड लागत नव्हता.

ऐंशी साली सरपंच भैयाजींनी पट पुन्हा भरवायचं ठरवलं. अट एकच, कोणत्याही दोन जोड्यांचा झेंडा सारखा नको.

ऐकायला सोपं. पण बसून ठरवायला गेले तर प्रत्येक गोष्टीला कोणीतरी मालक निघाला. जे चित्र काढावं ते कोणत्यातरी पक्षाची निशाणी. नुसता रंग घ्यावा तर तो कोणत्यातरी देवाचा नाहीतर कोणत्यातरी मोहल्ल्याचा. कोणी मोर सुचवला, तर मोर सिहोऱ्याच्या भजनी मंडळाचा. शेवटी भैयाजी वैतागून म्हणाले, "ज्याले या भूमीवर कोनी वारस नाई, असा झेंडा पाह्यजे."

हे ऐकून केवळराम गुरुजी उठले आणि घरून आपलं पुस्तक घेऊन आले.

गुरुजींकडे इंग्रजी ज्ञानकोशाचा एकच खंड होता, 'जी' अक्षराचा. नागपूरच्या जुन्या बाजारात तेवढाच मिळाला होता. त्यामुळे जिराफ, गोरिला, गोबीचं वाळवंट यांवर ते तासतासभर बोलत. हत्तीबद्दल विचारलं की "ते पुढच्या वर्गात येते" म्हणून वेळ मारून नेत. त्यांनी ग्रीसचं पान उघडलं. एका पानभर रंगीत झेंडे होते.

"हे पाहा. ग्रीस देशात पूर्वी होऊन गेलेल्या राज्यांचे झेंडे. यातलं एकही राज्य आता शिल्लक नाही. सगळी बुडाली. कोणी हक्क सांगायला येणार नाही."

भैयाजींनी एका झेंड्यावर बोट ठेवलं. निळ्यावर पांढरी मोठी फुली. "हे कोनतं?"

"इकारिया. एक बेट. एकोणीसशे बारा साली स्वतंत्र झालं. पाच महिने टिकलं."

"पाच महिने!" भैयाजी हळहळले. "आपला मागचा उपसरपंच बी जास्त टिकला. आन् हे बाजूचं? हे बी तं तसंच दिसून राह्यलं."

"ते निराळं. ते ग्रीसचं पहिलं राज्य. दहा वर्षं टिकलं."

"बरं, फरक काय दोघांत?"

गुरुजींनी चष्मा पुसून दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "साडेनऊ वर्षांचा."

पान तुलारामच्या हाती आलं. त्यानं ते नाकाशी धरलं आणि तो हरखूनच गेला. केवढी ही कलाकुसर! एका फुलीच्या मध्यात सोन्याचा मुकुट, तो राजाच्या राज्याचा. एकीवर दोन डोक्यांचा काळा गरुड, तो एपिरस नावाच्या मुलखाचा. क्रीट बेटाच्या झेंड्यात एक कोपरा लाल आणि त्यात पांढरी चांदणी. आणि सगळ्यात खाली सात बेटांच्या राज्याचा झेंडा. त्यावर पंख असलेला सिंह, पंजाशी पोथी आणि सात बाण. तुलाराम म्हणाला, "याच्यात चुकायची सोयच नाई."

त्याचं चुकलं ते इथंच. टीचभर अंतरावरून मुकुट वेगळा आणि गरुड वेगळा, यात वादच नव्हता. पण तुलारामला जन्मात कधी लांबचं दिसलं नव्हतं. त्यामुळे धड डोळ्यांच्या माणसाला किती लांबचं दिसतं, याचा त्याला काही अंदाजच नव्हता. त्याला वाटे, बाकीचे लोक फर्लांगावरून मुकुटातले मणी मोजत असतील.

आणखी एक गोष्ट. पटाची सजावट प्रत्येक जण शेवटच्या दिवसापर्यंत लपवून ठेवतो. त्यामुळे तुलारामनं दार लावून एकेक झेंडा शिवला, गाठोड्यात बांधला आणि ज्याचा त्याला गुपचूप पोचता केला. दादाजींना मुकुट. गावातल्याच कवडूला दोन डोक्यांचा गरुड. भैयाजींना चांदणी. सिहोऱ्याहून येणाऱ्या दोन जोड्यांना पाच महिन्यांचं आणि दहा वर्षांचं राज्य. ओळखू यावं म्हणून इकारियाची फुली त्यानं चक्क एक बोट बारीक केली. सगळ्या झेंड्यांना कापड एकाच ताग्याचं, निळं पॉपलिन. पाच झेंडे एका जागी, एका वेळी, वाऱ्यावर उडताना कोणीच पाहिले नाहीत.

आणि सहावा, पंखांचा सिंह, जागेश्वरसाठी. त्याला अकरा दिवस लागले. आयाळीचा एकेक केस पिवळ्या रेशमानं भरला. बाण सात म्हणजे साती मोजून घ्यावेत असे. शेपटी बिघडली म्हणून तीनदा उसवली. रुखमा बघत होती. एवढं तर तिच्या लग्नातल्या चोळीसाठीही त्यानं केलं नव्हतं. गाठोडं घेऊन तीच जागेश्वरकडे गेली.

ती परत आली तेव्हा गाठोड्याची गाठही सुटलेली नव्हती.

"काय म्हने?"

"म्हने, माहा भगवाच बरा. त्याच्या हातचं मले काई नोको."

तुलारामनं गाठोडं कपाटात ठेवलं आणि दिवसभर मशीन चालवली नाही.

पटाच्या दिवशी त्यानं एक चांगलं ठरवलं होतं. दगडावर उभं राहायचं नाही. झेंडे शिवून दिले, आता धड डोळ्यांच्या माणसानं निकाल सांगावा. तो पाळीवर लोकांत जाऊन बसला. पण भैयाजींनी तिथून त्याला हाताला धरून उठवलं. "झेंडे तुहे, नाव बी तूच पुकारशीन. परगावचे लोकं आले हायेत, रीत मोडू नोको." तुलाराम दगडावर चढला. बैलांच्या भीतीनं तो दगड रेषेपासून वीस पावलं मागं ठेवलेला होता.

पहिली शर्यत सिहोऱ्याच्या दोन जोड्यांची. ढोल वाजला, धुरळा उठला, आणि धुरळ्यातून निळं काहीतरी आलं. त्याच्याशेजारी निळंच काहीतरी आलं. पाळीवरचे हजार लोक एका आवाजात ओरडले, "निळा! निळा जिंकला!"

छकडे हाकणारे दोन्ही धुरकरी खाली उतरले आणि दोघांनीही फेटे उडवले.

"कोनता निळा, बे?" एकानं विचारलं.

"फुलीवाला!" पाळीवरून उत्तर आलं.

भैयाजींनी तुलारामकडे पाहिलं. हजार माणसांनी तुलारामकडे पाहिलं. त्याला तीन वर्षांपूर्वीच्या काठ्या आठवल्या. तो ओरडला, "बरोबरी!"

गुरुजी दोन झेंडे शेजारीशेजारी धरून लोकांना समजावू लागले की हे एक पाच महिने टिकलं आणि हे दहा वर्षं. त्यावर पाळीवरून कोणीतरी विचारलं, "आन् आपला पट किती टिकन, गुरुजी?"

दुसरी शर्यत कवडूची आणि भैयाजींची. कवडूचा गरुड त्याच्या दोन्ही डोक्यांसकट फडफडून घडीत गेलेला. भैयाजींचा लाल कोपरा काठीला गुंडाळला गेलेला. पुन्हा निळं आलं, पुन्हा निळं आलं. जे काय थोडं दिसलं ते कवडूच्या बायकोला, आणि तिनं जे पाहिलं ते अर्थात कवडूच्या बाजूचं होतं. तुलाराम म्हणाला, "बरोबरी!" लोक हसू लागले. भैयाजींना आपण जिंकलो असं मनातून वाटत होतं, पण सरपंचानं तसं म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"का गा दर्जीबुवा," कवडू ओरडला, "पूर्ण गावाले एकच गणवेश शिवला का तुनं?"

आता राहिली शेवटची शर्यत. आधीच्या दोन्ही बरोबरीत सुटल्या, त्यामुळे पटाचा मान यावरच ठरणार होता. जोड्या दोन, दादाजींची आणि जागेश्वरची. पुन्हा तीच.

तुलारामनं मनाशी एक हिशेब केला आणि त्याला बरं वाटलं. दिवसभर आपण बरोबरी म्हणत आलो आहोत, आणखी एकदा म्हटलं तर कोणी चकार शब्द काढणार नाही. जागेश्वर हरणार नाही. कदाचित उद्या बाकड्यावर येऊनही बसेल.

ढोल वाजला. धुरळा उठला. आणि मग अशी गोष्ट घडली जी दगडावर उभा राहायला लागल्यापासून तुलारामच्या बाबतीत कधी घडली नव्हती. त्याला दिसलं. धुरळ्यातून एक निळा डाग येत होता आणि एक भगवा डाग येत होता. मुकुट नाही, मणी नाहीत, नुसते दोन डाग, पण हे निराळं आणि ते निराळं. साऱ्या रानात जागेश्वर एकटाच असा होता ज्यानं तुलारामचा झेंडा नाकारला होता, आणि म्हणून तो एकटाच ओळखू येत होता. निळा डाग रेषेवरून गेला. भगवा त्याच्यामागून गेला. छकडाभर मागून.

पाळीवरचे सगळे दगडाकडे वळले. लोकांनाही दिसलं होतं, पण रीत म्हणजे रीत, नाव तुलारामनंच पुकारायचं. जागेश्वर छकड्यावर उभा राहून त्याच्याकडेच पाहत होता. इतक्या लांबून तुलारामला त्याचं तोंड दिसलं नाही, पण वाऱ्यावर काहीतरी हलताना दिसलं, ती लांब बाहीच असणार. बरोबरी हा शब्द त्याच्या जिभेवर होता. तो नुसता सोडायचा होता.

पण बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरंच दिसलं होतं. ते सोडून खोटं कसं बोलायचं, हेच त्याला कळेना. त्याचे डोळे भरून आले आणि तो ओरडला, "दादाजी! दादाजींची जोडी पुढं!"

यंदा एकही काठी निघाली नाही. दादाजींना गुलाल लागला, ढोल वाजले, आणि पाच बुडालेल्या राज्यांचे झेंडे मिरवत लोक गावात गेले. तुलाराम दगडावरून उतरला आणि सरळ घरी आला. रुखमानं चहा ठेवला. तो म्हणाला, "झालं. आता तो या जन्मात बोलत नाई."

दिवेलागणीला दुकानाच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. दिव्याच्या उजेडात एक पाऊल पुढं आल्यावर तुलारामनं ओळखलं. जागेश्वर. काखेत शर्टाचं कापड. तो आत आला, बाकड्यावर बसला, आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"तुल्या," तो म्हणाला, "आज मी मागं होतो."

"हो."

"आन् त्या साली बी मागंच होतो."

तुलारामनं हातातली कात्री खाली ठेवली.

"भगव्या-भगव्यात कोनाले काई दिसत नोयतं. मले वाटलं, बोंबललो तं जमून जाईन. मंग डोके फुटले, मंग मागं फिरता येईना. तू खरं सांगतलं होतं, आन् मी तुह्यावर तीन साल रुसून बसलो. आज बी सोडलं नाई तुनं खरं. सारा दिवस बरोबरी-बरोबरी करून राह्यला होता, माह्यासाठी बी केली असती तं कोन पुसत होतं? पन तू हाय तो हाय." जागेश्वरनं लांब बाहीनं नाक पुसलं. ती त्या कामाला मात्र बरी पडत होती.

आता गप्प बसला असता तर तुलाराम त्या दिवसापासून आंबागडचा हरिश्चंद्र झाला असता. स्वयंपाकघराच्या दारात रुखमा चहा घेऊन उभी होती आणि डोळ्यांनी सांगत होती, गप्प राहा. पण समोर जागेश्वर बसला होता, तीन वर्षांनी.

"जाग्या, एक सांगू? त्या साली मले काईच दिसलं नोयतं."

"म्हंजे?"

"म्हंजे काईच नाई. मले दहा हातांपल्याड दिसत नाई. लहानपनापासून. म्या अंदाजानं नाव घेतलं. तुहं बी घेतलं असतं."

जागेश्वरनं बोटांवर हिशेब केला. आपण खोटं बोललो, यानं न पाहता सांगितलं, ते खरं निघालं, त्यावर तिघांची डोकी फुटली आणि तीन वर्षांचा चहा गेला. त्याला आधी राग आला. मग तो जो हसायला लागला तो थांबेचना. रुखमानं घाईनं कप खाली ठेवला, कारण बाकडं हलत होतं.

"आन् मंग ते बुजगावनं!" तो धापा टाकत म्हणाला. "माह्याच शेतातलं होतं ना बे ते? दोनदा राम राम केलता तुनं! मी शेताच्या धुऱ्यावरून पाह्यत होतो. मले वाटलं, गंमत करून राह्यला."

तुलारामनं कपाटातून गाठोडं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. जागेश्वरनं गाठ सोडली आणि झेंडा दिव्याजवळ धरला. आयाळीच्या केसांवरून त्यानं बोट फिरवलं. बाण मोजले. साती होते.

"येवढं बारीक काम," तो म्हणाला, "आन् लांबून काई बी नसतं दिसलं."

"मले काय मालूम, लांबून काय दिसते?"

जागेश्वरनं कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला आणि शर्टाचं कापड मशीनवर ठेवलं. तुलारामनं टेप घेतली नाही की माप विचारलं नाही. जागेश्वरचं माप त्याला तोंडपाठ होतं. त्यानं सरळ खडूनं रेघ ओढली.

"थांब," जागेश्वर म्हणाला. "उद्या पयले तुमसरले जाऊ, डोळेवाल्याकडे. चश्मा लाव, मंग शर्ट शिव. मी संगं येतो."

"तू कायले? मी जाईन ना एकटा."

"एकटा गेला तं भलत्याच यष्टीत बसशीन," जागेश्वर म्हणाला, "आन् मंग मी पार तिकडं लाखांदूरवरून तुले शोधून आनू का?"